टीव्ही, सबवूफर आणि होम थिएटर : जोडणीचा सविस्तर अनुभव

आजकालचे टीव्ही इतके सडपातळ झाले आहेत की त्यांच्या पोटात स्पीकरसाठी धड जागाच उरलेली नाही. स्पीकर खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवलेले असतात आणि आवाज आपल्याकडे थेट न येता जमिनीवर वा भिंतीवर आपटून येतो. आमच्या नव्या टीव्हीचे चित्र उत्तम होते, पण संवाद कळावेत म्हणून आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत अंगावर येई आणि कमी करावा तर पात्रे पुटपुटत असल्यासारखी वाटत. घरात आधीपासून एक रिसीव्हर, म्हणजे सगळ्या उपकरणांचा आवाज घेऊन तो स्पीकरांना पुरवणारे यंत्र, आणि पाच स्पीकर होते. त्यांत सबवूफरची, म्हणजे फक्त खर्जाचा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरची, भर घालून सगळे टीव्हीला जोडायचे, असे फेब्रुवारीच्या अखेरीस ठरले. काम पुरे झाले तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता आणि त्यातला बराच काळ प्रत्यक्ष जोडणीत न जाता वाट पाहण्यात गेला होता. रिसीव्हरची पाठ पाहूनच ज्यांना धडकी भरते, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम लिहून ठेवत आहे.

एकाही तारेला हात लावण्याआधी मी रिसीव्हरच्या पाठीचा मोबाईलवर फोटो काढला आणि तो मोठा करून एकेका जागेखालचे नाव वाचले. तिथल्या बहुतेक जागा जुन्या उपकरणांसाठी, दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरसाठी किंवा रेडिओच्या अँटेनासाठी होत्या. आपल्याला लागणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. मग कागदावर टीव्ही, रिसीव्हर, सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर, गेमचा कन्सोल आणि सबवूफर असे चौकोन काढले आणि त्यांच्यामध्ये बाण काढले. तारा कमी महत्त्वाच्या, बाण महत्त्वाचे, कारण या जोडणीतला बहुतेक गोंधळ चित्र कोणत्या दिशेने जाते आणि आवाज कोणत्या दिशेने जातो हे आधी न ठरवल्यामुळे होतो.

मार्ग दोन आहेत. सगळी उपकरणे रिसीव्हरला जोडून त्याच्यातून एकच तार टीव्हीकडे न्यायची, हा पहिला. सगळी उपकरणे टीव्हीला जोडून टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत आणायचा, हा दुसरा. टीव्हीच्या आत जी ॲप असतात त्यांचा आवाज तर टीव्हीतच जन्मतो, त्यामुळे दुसरा मार्ग थोडाफार सगळ्यांनाच लागतो. चित्र आणि आवाज दोन्ही वाहून नेणाऱ्या एचडीएमआयच्या तारेतून पूर्वी आवाज एकाच दिशेने, म्हणजे रिसीव्हरकडून टीव्हीकडे जात असे. २००९ साली आलेल्या १.४ या आवृत्तीत त्याच तारेतून तो उलट दिशेने आणण्याची सोय झाली, तिला एआरसी म्हणतात. २०१७ मधल्या २.१ या आवृत्तीने तिचा विस्तार केला, तो ईएआरसी. एआरसीमधून दोन वाहिन्यांचा मूळ आवाज किंवा दाबून लहान केलेला पाच अधिक एक (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्या) वाहिन्यांचा आवाज येतो. ईएआरसीची क्षमता सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट असल्याने आठ वाहिन्यांचा न दाबलेला आवाज आणि ब्लू-रे डिस्कवरचे डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे मूळ दर्जा राखणारे ध्वनिप्रकारसुद्धा तिच्यातून जाऊ शकतात.

माझ्या कागदावर शेवटी दोन्ही मार्ग आले. सेट-टॉप बॉक्स आणि डिस्क प्लेअर रिसीव्हरला जोडायचे ठरले, कारण त्यांचा आवाज वाटेत टीव्हीत न शिरता सरळ रिसीव्हरला मिळतो. कन्सोल मात्र थेट टीव्हीला, कारण आमचा रिसीव्हर जुन्या २.० आवृत्तीचा आहे आणि त्याच्यातून सेकंदाला १८ गिगाबिटच जातात. सेकंदाला १२० चौकटींचे फोर-के चित्र पूर्ण दर्जाने हवे असेल, तर टीव्ही आणि तार दोन्ही २.१ च्या तोडीचे लागतात. त्या तारेच्या वेष्टनावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे लिहिलेले असते आणि तिची क्षमता ४८ गिगाबिट असते. रिसीव्हर २.० चा असूनही त्याला ईएआरसी आहे, याचे मला आधी नवल वाटले होते. उत्पादक ही सोय वेगळी देऊ शकतात, म्हणून आवृत्तीच्या आकड्यावर न जाता जागेखाली छापलेले नाव आणि पुस्तिकेतला तक्ता पाहावा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तारांची खरेदी झाली. एकूण खर्चात सबवूफरचा वाटा सर्वांत मोठा होता. तारांचा वाटा नगण्य म्हणता येईल इतका राहिला, पण दुकानात हा नगण्य वाटा फुगवण्याचाच आग्रह सर्वाधिक होतो. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते एक तर नीट पोहोचतात किंवा चित्र तुटते, आवाज गळतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या तारेने संवाद अधिक गोड होत नाहीत. ईएआरसीसाठी ‘हाय स्पीड विथ इथरनेट’ असे लिहिलेली साधी तारही पुरते, कारण आवाज परत आणण्यासाठी इथरनेटकरिता राखलेलीच जोडी वापरली जाते. स्पीकरची तार घेताना गेजचा आकडा पाहावा. आकडा लहान तितकी तार जाड. पुढच्या तीन स्पीकरांना १६ गेज पुरेशी झाली, मागच्या दोघांचे अंतर जास्त असल्याने तिथे १४ गेज घेतली. अंतर मोजताना सरळ रेषा न धरता दाराच्या चौकटीला आणि कोपऱ्यांना वळसा घालून मोजावे आणि वर हातभर तार अधिक घ्यावी. सबवूफरसाठी जाळीचे आवरण असलेली एकेरी आरसीए तार (मध्ये खिळ्यासारखी पिन असलेल्या गोल प्लगची) लागते. सबवूफर कुठे बसेल हे आधी सांगता येत नसल्याने मी लांब तार मागवली आणि ती येईपर्यंत बरेच दिवस थांबावे लागले.

त्या काळात स्पीकरचे काम उरकून घेतले. सुरुवातीलाच सगळ्या उपकरणांचे प्लग भिंतीतून काढून ठेवले, नुसते रिमोटने बंद करण्यावर समाधान मानले नाही. तारेचे टोक सेंटीमीटरभर सोलायचे, बारीक तांब्याच्या केसरांना बोटांत धरून एकाच दिशेने पीळ द्यायचा आणि मग ते टोक रिसीव्हरच्या लाल किंवा काळ्या फिरकीखाली सरकवायचे. इथे घाई चालत नाही. पिळातून सुटलेला एकच केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी शॉर्ट होतो आणि रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. सगळेच रिसीव्हर इतके शहाणे असतील याची खात्री देता येत नाही. फिरकी आवळल्यावर मी प्रत्येक जोडावर विजेरीचा उजेड टाकून केस बाहेर डोकावत नाही ना हे पाहिले. ज्यांचे डोळे वा बोटे आता पूर्वीसारखी साथ देत नाहीत, त्यांनी बनाना प्लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवून नुसते आत खुपसायचे प्लग, घ्यावेत. थोडा खर्च वाढतो, पण पुढे रिसीव्हर पुढे-मागे सरकवताना फार सोपे जाते.

लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, हे सर्वांना ठाऊक असते. पण भिंतीतून आधीच ओढलेल्या मागच्या तारांवर रंगाची खूणच नव्हती. त्यासाठी दीड व्होल्टची साधी पेन्सिल सेल उपयोगी पडली. तारेचे टोक रिसीव्हरपासून मोकळे ठेवून सेलला क्षणभर स्पर्श करायचा आणि दुसऱ्या कुणी तरी स्पीकरच्या पडद्याकडे पाहायचे. पडदा बाहेर आला तर सेलच्या धन बाजूला लागलेली तार लाल, आत गेला तर काळी. स्पर्श टिचकीएवढाच करावा, सेल धरून ठेवू नये. हा सोपस्कार टाळला आणि एक स्पीकर उलटा जोडला गेला, तर काही बिघडत नाही, आवाजही येतो. फक्त खर्ज नाहीसा होतो आणि आवाज नेमका कुठून येतो आहे ते कळेनासे होते. असा दोष सापडायला फार कठीण, म्हणून आधीच खात्री करून घेतलेली बरी.

स्पीकर कुठे ठेवायचे यासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस प्रमाण मानतात. ऐकणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून पुढचे दोन स्पीकर ३० अंशांवर आणि बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. आमच्या खोलीत दार नको तिथे असल्याने डावा स्पीकर थोडा पुढे आला. तेवढ्याने फारसे काही अडले नाही. मधला स्पीकर मात्र टीव्हीच्या खाली कपाटात खोल ढकलू नये. तो फळीच्या काठाशी आणून किंचित वर, कानांच्या रोखाने कलता ठेवला, तेव्हा संवादांमधला डबाबंदपणा लगेच कमी झाला.

मार्चच्या मध्यावर टीव्ही जोडला. टीव्हीला एचडीएमआयच्या अनेक जागा असल्या तरी एआरसी किंवा ईएआरसी असे नाव बहुधा एकाच जागेखाली असते. रिसीव्हरच्या बाजूला तार ‘आउट’ लिहिलेल्या जागेत जाते. आवाज तर आत यायचा आहे, मग ‘आउट’ कसे, असा प्रश्न तिथे कुणालाही पडावा. नाव चित्राच्या दिशेवरून दिलेले आहे आणि आवाज त्याच तारेतून उलटा येतो. तार लागली, चित्र आले, आवाज आला नाही. आपली तार खराब आहे असे इथेच अनेकांना वाटते आणि ते दुसरी आणायला निघतात. पुस्तिका चाळल्यावर उलगडा झाला : रिसीव्हरमध्ये एचडीएमआय कंट्रोल आणि एआरसी या दोन्ही गोष्टी कारखान्यातून बंद करूनच येतात. त्या चालू कराव्या लागतात आणि टीव्हीतही त्यांची जोडीदार सोय चालू असावी लागते. उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याच्या या सोयीचे मूळ नाव सीईसी, पण प्रत्येक कंपनीने तिचे वेगळे बारसे केले आहे. सॅमसंगच्या मेनूत ती एनीनेट प्लस, एलजीच्या मेनूत सिम्पलिंक आणि सोनीच्या मेनूत ब्राव्हिया सिंक या नावाने सापडते. त्यानंतर टीव्हीच्या ध्वनीच्या मेनूत जाऊन आवाज बाहेरच्या ध्वनियंत्रणेकडे पाठवायला सांगायचे.

आवाज आला, तरी काम अर्धेच झालेले असते. रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर काय लिहून येते ते पाहावे. पाच अधिक एक वाहिन्यांचा कार्यक्रम चालू असताना तिथे ‘पीसीएम’ आणि दोनच वाहिन्या दिसत असतील, तर टीव्ही आवाज आधीच उलगडून, त्याचे स्टिरिओ करून पाठवतो आहे. टीव्हीच्या मेनूत डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’वर नेले की पट्टीवर डॉल्बी डिजिटल प्लस उमटते आणि मागचे स्पीकर खऱ्या अर्थाने बोलू लागतात. रिसीव्हर आपल्या हुशारीने स्टिरिओचाही आवाज पाचही स्पीकरांत पसरवू शकतो, त्यामुळे नुसत्या कानांवर विसंबून हे कळत नाही. पट्टी वाचणे हाच खात्रीचा मार्ग.

यानंतर या कामातला सर्वांत कंटाळवाणा टप्पा आला. टीव्ही चालू केल्यावर कधी आवाज रिसीव्हरमधून येई, तर कधी आपल्या मर्जीने टीव्हीच्या स्पीकरवर परत जाई. यावरचा घरगुती उपाय साधा आहे : टीव्ही आणि रिसीव्हर यांचे प्लग भिंतीतून काढावेत, काही मिनिटे थांबावे, मग आधी टीव्ही आणि नंतर रिसीव्हर चालू करावा, म्हणजे दोघे एकमेकांची ओळख नव्याने करून घेतात. आमच्याकडे याचा गुण येई, पण तो टिकत नसे. अखेर उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवली. त्यांनी अनुक्रमांक, बिलाची प्रत, टीव्हीचे मॉडेल आणि दोन्ही उपकरणांतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती मागितली. अनुक्रमांकाची पट्टी रिसीव्हरच्या पाठीवर असते आणि तोपर्यंत ती पाठ तारांनी भरून गेलेली असते, म्हणून तिचा फोटो जोडणीपूर्वीच काढून ठेवलेला बरा. तक्रार क्रमांक मिळाला, मग शांतता पसरली. पाठपुरावा करताना प्रत्येक वेळी तोच क्रमांक सांगितला, नाही तर नवी तक्रार उघडली जाते आणि आपण पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. तंत्रज्ञांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारले, “मॅडम, दुसरी एचडीएमआय तार लावून पाहिलीत का? आणि टीव्हीचा अपडेट शेवटचा कधी झाला?” दोन्हींची उत्तरे मी लिहून ठेवलेली असल्याने तो फोन सार्थकी लागला. रिसीव्हरसाठी नवे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घालून चढवायचे होते. ते चढत असताना वीज जाता कामा नये, अशी ताकीद पुस्तिकेतच आहे, तेव्हा हे काम वीज खात्रीने असेल अशा वेळीच करावे. त्यानंतर आवाजाची ही धरसोड थांबली.

उत्तराची वाट पाहत असताना आम्ही ऑप्टिकल तार वापरली. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही तोसलिंक जोडणी अजूनही बहुतेक टीव्हींना असते. तारेच्या दोन्ही टोकांवरची पारदर्शक टोपणे आधी काढायची. टीव्हीला लावलेल्या तारेच्या मोकळ्या टोकातून लाल उजेड दिसला, म्हणजे संदेश येतो आहे. तिच्यातून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचा पाच अधिक एक वाहिन्यांचा आवाज नीट येतो, मात्र डॉल्बी डिजिटल प्लस, ट्रूएचडी किंवा ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आल्याचा भास देणारा प्रकार) येत नाही आणि टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. ज्यांचा टीव्ही जुना आहे किंवा ज्यांना सीईसीच्या लहरीपणाचा वैताग आला आहे, त्यांनी ऑप्टिकलवरच थांबायला माझ्या मते काहीच हरकत नाही.

सबवूफरची तार आली आणि खरी मजा सुरू झाली. आमचा सबवूफर स्वतःच्या ॲम्प्लिफायरसह येणारा, म्हणजे भिंतीतून वीज घेणारा आहे. घरगुती संचांत बहुधा असाच असतो. त्याच्या पाठीवर ‘लाइन इन’च्या दोन जागा होत्या, त्यांतल्या एकीवर ‘एलएफई’, म्हणजे खास खर्जाची वाहिनी, असेही लिहिलेले. रिसीव्हरच्या ‘सबवूफर प्री-आउट’मधून येणारी एकेरी तार तिथे लावली की जोडणी संपली. ही तार लावताना किंवा काढताना सबवूफर बंदच असावा, नाही तर असा दणका बसतो की घरातली मंडळी धावत येतात आणि स्पीकरलाही तो सोसत नाही. पाठीवरच्या बटणांकडे आता यावे. क्रॉसओव्हरची कळ सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवायची, कारण कुठल्या कंपनसंख्येखालचा आवाज सबवूफरकडे पाठवायचा हे रिसीव्हर ठरवणार आहे आणि एकाच कामाला दोन गाळण्या लागल्या तर मधला खर्ज मरतो. आवाजाची कळ निम्म्यावर, आणि फेज, म्हणजे सबवूफरचा ताल इतर स्पीकरांशी जुळवणारी कळ, शून्यावर.

चालू केल्याबरोबर सबवूफरमधून एक अखंड घूंऽऽ ऐकू येऊ लागला. विजेची कंपनसंख्या देशागणिक ५० किंवा ६० हर्ट्झ असते आणि ही घरघर तिचीच असते. उगम शोधायला तार्किक क्रम लागतो. आधी सबवूफरची आरसीए तार काढली. घरघर थांबली, म्हणजे सबवूफर निर्दोष आणि आवाज तारेतून येतो आहे. तार परत लावून रिसीव्हरला जोडलेली उपकरणे एकेक करून मोकळी केली. डिस्क प्लेअर काढल्याने फरक पडला नाही. सेट-टॉप बॉक्समधली बाहेरून येणारी गोल कोॲक्सिअल तार नुसती अनस्क्रू केली आणि खोली एकदम शांत झाली. त्या तारेचे अर्थिंग इमारतीत दुसरीकडे कुठे तरी झालेले असते आणि आपल्या उपकरणांचे आपल्या सॉकेटमधून. दोन अर्थिंगमधल्या किंचित फरकाने तारांच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागतो आणि सबवूफर तो इमानाने ऐकवतो. केबल सेवेच्या माणसाने कोॲक्सिअल तारेवर बोटाएवढा आयसोलेटर बसवल्यावर घरघर कायमची गेली. त्याच्या भेटीची वेळ मिळायलाच आठवडा लागला, काम पाच मिनिटांचे होते. सबवूफरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला या दोषावर पुष्कळ जण देतात. त्याने घरघर जातेही, पण उपकरणाच्या धातूच्या अंगावर वीज उतरली तर वाचवणारी तीच पिन आहे, म्हणून तो सल्ला कुणाचाही असो, ऐकू नये.

मग जागेचा प्रश्न. मध्यम आणि तार स्वर कुठून येतात हे कानांना कळते, खोल खर्ज कुठून येतो हे कळत नाही, त्यामुळे सबवूफर टीव्हीजवळच असण्याची सक्ती नाही. त्याची खरी लढाई खोलीशी असते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासची लहर दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धी मावते आणि तिथल्या तिथे उभी राहते; भिंतीशी ती दणदणते आणि खोलीच्या ऐन मध्यावर जवळपास नाहीशी होते. आमची खोली याच मापाची आणि सोफा नेमका मध्यावर होता. सोफा मागे सरकवला, पण अगदी भिंतीला टेकवला नाही, तेवढ्यावरच खर्जाला अंग आले.

जागा शोधण्याची एक रीत ध्वनीची कामे करणाऱ्यांत रूढ आहे आणि ती कितीही वेडगळ वाटली तरी तिला गुण आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा, खर्जाचे सूर चढत-उतरत जाणारे संगीत लावायचे आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत, कान जमिनीच्या जवळ ठेवून ऐकत जायचे. ज्या ठिकाणी सगळे सूर सारख्या वजनाचे ऐकू येतात, तिथे सबवूफर ठेवला की सोफ्यावर तसाच आवाज मिळतो. वजन बरेच असल्याने उचलायला धाकट्या भावाला बोलावले होते; रांगण्याचा मानही त्यानेच घेतला. कोपऱ्यापाशी गेल्यावर तो म्हणाला, “ताई, इथे नुसतंच घुमतंय, सूर काही कळत नाहीत.” टीव्हीच्या उजवीकडे, कोपरा आणि मधला स्पीकर यांच्या दरम्यान तो थांबला, थोडा मागे गेला, पुन्हा पुढे आला आणि खडूने जमिनीवर खूण केली. कोपऱ्यात खर्ज सर्वांत मोठा ऐकू येतो म्हणून पुष्कळ घरांत सबवूफर तिथेच जातो. मोठा आणि चांगला यांतला फरक तिथे रांगून पाहिल्यावर फार लवकर समजतो.

जागा ठरल्यावर रिसीव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने आवाजाचे मोजमाप केले. कंपनीप्रमाणे या सोयीचे नाव ऑडिसी, वायपीएओ किंवा आणखी काही असेल, कृती सारखीच. मायक्रोफोन कानांच्या उंचीवर, शक्यतो तिवईवर असावा, उशीवर टेकवू नये; पंखा, फ्रिज आणि गप्पा बंद असाव्यात. पहिले मोजमाप नेहमीच्या बैठकीवर घ्यावे. पहिल्या फेरीत रिसीव्हरने सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबेल दाखवली, म्हणजे त्याच्या पट्टीचे टोक; यापेक्षा कमी करायला त्याच्याकडे वावच नव्हता. सबवूफरच्या पाठीवरची कळ थोडी खाली आणून पुन्हा मोजल्यावर आकडा पट्टीच्या मधल्या भागात आला. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त दाखवले, ते मात्र तसेच राहू दिले, कारण सबवूफरच्या आतल्या मंडलांमुळे आवाजाला होणारा उशीर रिसीव्हर अंतराच्या रूपात धरतो. पुढच्या स्पीकरांना त्याने ‘लार्ज’ ठरवले होते. ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आणला, म्हणजे त्याखालचा सगळा भार सबवूफरवर गेला आणि लहान स्पीकर मोकळे झाले. एलएफई म्हणजे चित्रपटाच्या आवाजातली ती ‘अधिक एक’ वाहिनी १२० हर्ट्झपर्यंत असते, म्हणून तिची मर्यादा १२० वरच ठेवली. फेजसाठी ८० हर्ट्झचा सूर लावून भावाला कळ शून्य आणि १८० यांत आलटून-पालटून फिरवायला सांगितली. सोफ्यावर ज्या बाजूला आवाज भरदार वाटला ती ठेवली.

मूळ दुखणे संवादांचे होते आणि त्याचा इलाज आता हाताशी होता. पाच अधिक एक वाहिन्यांच्या आवाजात संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमध्ये असतात, तेव्हा सगळा आवाज न वाढवता मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबेलनी वाढवली की पुरते. रात्रीसाठी रिसीव्हरमधली डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, कमी करणारी सोय वापरतो. खर्ज भिंती ओलांडून जातो, हे सबवूफर घेणाऱ्याने विसरू नये.

आवाज आणि ओठ यांचा मेळ बसवणे थोडक्यात आटोपले. रिसीव्हरला जोडलेल्या उपकरणांचा आवाज लगेच येतो, पण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो, त्यामुळे शब्द ओठांच्या आधी ऐकू येतात. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाला जाणवते, उशीर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत त्याच्या लक्षात येत नाही, असे आयटीयूचे आकडे सांगतात. यात नवल नाही, दूरचा आवाज नंतर पोहोचण्याची कानांना जन्मजात सवय आहे. बातम्या देणाऱ्या निवेदकाचे ओठ पाहत रिसीव्हरमधला ऑडिओ डिले दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत नेला आणि मेळ बसला. टीव्हीचा चित्राचा प्रकार बदलला की हा उशीरही बदलतो, विशेषतः गेम मोडमध्ये तो बराच कमी होतो.

एप्रिलच्या मध्यावर एक किरकोळ तक्रार उरली होती. रात्री हळू आवाजात पाहताना सबवूफर मध्येच झोपी जाई आणि दणक्याच्या प्रसंगाला क्षणभर उशिरा जागा होई. त्याची वीज वाचवणारी ‘ऑटो’ सोय येणारा संदेश फार क्षीण झाला की बंद पडते. त्यावर सबवूफरच्या पाठीवरची कळ आणखी थोडी खाली आणली आणि रिसीव्हरमधली त्याची पातळी तितकीच वर नेली. ऐकू येणारा आवाज तेवढाच राहिला, तारेतून येणारा संदेश मात्र सबवूफरला जागा ठेवण्याइतका सशक्त झाला. हे आकडे, मोजमापाच्या पडद्यांचे फोटो, बिले आणि तक्रार क्रमांक असे सारे एकाच पाकिटात घालून रिसीव्हरच्या पुस्तिकेत ठेवले आहे. सबवूफरची वॉरंटी नोंदवण्याची मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते, जोडणीच्या तारखेपासून नाही, म्हणून तारेची वाट पाहत बसलेल्यांनी ती नोंदणी आधीच करून टाकावी.